एकोणिसावं नाव

त्या घरात एक नाव कुणी घेत नसे, म्हणून मीही ते इथे घेणार नाही. घरात माणसं तरी किती, तर दोन. नवरा छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर पोट भरणारा माणूस. छापखान्यात त्याला सगळे भिंग म्हणत, आणि ते त्याला इतकं चिकटलं होतं की पोस्टमनही जिन्यात "भिंग आहेत का" असंच विचारी. बायको घरी बसून भरतकाम करी. बालवाडीच्या मुलांच्या एप्रनवर छातीपाशी त्यांची नावं दोऱ्याने भरायची, हे तिचं वर्षातलं मोठं काम. शाळा उघडायच्या आधीचा महिनाभर त्या दोन खोल्यांत जिकडेतिकडे एप्रन असत. खुर्चीवर, कॉटवर, खिडकीच्या गजांना अडकवलेले. भिंगाला जेवायलाही एप्रन बाजूला सारून बसावं लागे.

सगळे भरून झाले की तपासणी. ही शिस्त भिंगाने छापखान्यातून घरी आणलेली. तिथे एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापलेल्या ओळीवर बोट ठेवून "हं" म्हणत पुढे सरकतो. घरीही तसंच. तो यादी धरून नाव वाची, ती भरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवी आणि "हं" म्हणे. साठ नावं, साठ "हं". त्या नवराबायकोत वर्षभरात सलग एवढं बोलणं तेव्हाच काय ते होई.

चौदा वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. ती दोन दिवस जगली. इस्पितळाच्या जन्माच्या कागदावर "स्त्री अर्भक" असं लिहिलेलं आहे, आणि मृत्यूच्या कागदावरही तेच. पण तिला नाव होतं. सातवा महिना चालू असताना बायकोने ते स्वतःच्या मनाने जुळवलं होतं, कुठे ऐकलेलं नाही, वाचलेलं नाही. ती मोठ्या खटल्यात वाढलेली. सख्ख्या आणि चुलत बहिणींचे कपडे, वह्या, चपला, सगळं उतरत उतरत तिच्यापर्यंत यायचं. तिचं स्वतःचं नावसुद्धा आधी वारलेल्या एका आत्याचं होतं.

"माझ्या पोरीला कुणाचं वापरलेलं नाव नको," ती तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती. "कोरं पाहिजे."

ते कोरं नाव जगात दोघांनाच माहीत होतं. पोर गेल्यावर, इस्पितळातून घरी येताना, तिने रिक्षात एवढंच सांगितलं की आता ते परत घ्यायचं नाही. त्याने मान हलवली. आणि खरंच, त्याने ते पुन्हा तोंडातून काढलं नाही. लिहिलं मात्र, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

पोर गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. छापखान्याच्या मालकाने मुलांच्या नावांची पुस्तिका काढायचं मनावर घेतलं होतं. "तीन हजार नावे, अर्थ व मूळ यांसह" असं मुखपृष्ठ आधीच छापून झालं होतं, कारण मालकाला मुखपृष्ठं छापायची भारी हौस. नावं जमवून देणारे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचं मालकाशी कशावरून तरी फाटलं आणि ते दोन हजार नऊशे एक्याऐंशीवर हात झटकून मोकळे झाले.

"एकोणीस नावांसाठी मुखपृष्ठ रद्दीत घालू का?" मालक म्हणाला. "टाक रे तू कुठलीही. अर्थ कोण तपासतंय?"

"मीच तपासतो," भिंग म्हणाला.

"मग तर झालंच."

जो माणूस दुसऱ्याचा सुटलेला स्वल्पविराम माफ करत नसे, त्याने त्या दुपारी बसून अठरा नावं चक्क पैदा केली. नदीवरून दोन, फुलांवरून पाच, ताऱ्यांवरून तीन, बाकीची अशीच हवेतून. एकोणिसाव्याला घोडं अडलं. चहा झाला, यंत्रं बंद व्हायची वेळ आली, पण सुचेना. आणि मग त्याच्या पेनाने ते लिहिलं. मन घट्ट करून वगैरे नाही, सहज लिहिलं. लिहिल्यावर त्याने खोडायला पेन टेकवलं. पण खोडणं त्याला जमलं नाही. पंधरा वर्षं छपाईचे खिळे आणि शाई यांच्यात घालवलेल्या माणसाला जे छापलेलं नाही ते खरं वाटत नाही, आणि त्याची मुलगी कुठेच छापलेली नव्हती. नावापुढे अर्थाचा रकाना होता. तिथे त्याने लिहिलं, "सोबत न सोडणारी". मुळाच्या रकान्यात लिहिलं, "प्राचीन". दोन दिवसांच्या पोरीला त्याने हजारो वर्षांचं करून टाकलं.

त्याला वाटलं होतं, तीन हजारांच्या गर्दीत ते पडून राहील. कुणाची नजर जाणार नाही, आणि तरी ते असेल. आठ वर्षं झालंही तसंच. मग एका मालिकेच्या लेखकाला नायिकेच्या धाकट्या बहिणीसाठी नाव हवं होतं, आणि त्याने ती पुस्तिका चाळली. मालिका तुफान चालली. वर्षभरात त्या नावाच्या पोरी घरोघर जन्माला यायला लागल्या. वर्तमानपत्रात लोकप्रिय नावांची यादी आली, त्यात ते नाव तिसरं. "हे प्राचीन नाव पुन्हा प्रचारात आले आहे" असं खाली कुणा जाणकाराने लिहिलं होतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, भिंगाला ती लपवायला आवडली असती तरी. त्याला आनंद झाला. ते कात्रण त्याने कापून छापखान्यातल्या आपल्या खणात ठेवलं आणि दिवसातून दोनदा खण उघडून पाहिलं. हजार घरांत आपल्या पोरीला हाका मारताहेत, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चालू होतं. घरी मात्र तो मूग गिळून गप्प. टीव्ही मालिका सुरू झाली त्याच सुमारास बिघडला होता. "दुरुस्तीला टाकतो" म्हणून तो घेऊन गेला, आणि तो टीव्ही अजूनही छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांमागे आहे. बायको तशीही फार बाहेर पडत नसे. दोरे, कापड, भाजी, सगळं भिंगच आणी.

मागच्या वर्षी खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलं. नवरा, बायको आणि तीन वर्षांची पोर. दुसऱ्याच दिवशी जिन्यात पोरीच्या आईची हाक आली, "अगं, चप्पल घाल," आणि चपलेच्या आधी ते नाव.

भिंग संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको अंधारात बसली होती. दिवा लावायचं भान नव्हतं. तो आत येताच तिने त्याचा हात धरला. असा हात तिने कित्येक वर्षांत धरला नव्हता.

"अहो, खाली एक पोर आलीय," ती म्हणाली. "तिला काय म्हणतात ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक होतं.

"तुम्हाला आणि मला सोडून ते कुणालाच माहीत नव्हतं. मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मग त्या बाईच्या तोंडी आलं कुठून?"

"योगायोग असेल," तो म्हणाला.

"मी विचारलं तिला. म्हणाली, पोरीच्या बाबांना सुचलं, जुनं नाव आहे. आणि अर्थ काय सांगितला माहितेय? सोबत न सोडणारी." ती हसली. डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. "मी आपलं कानाला गोड वाटलं म्हणून जुळवलं होतं. अर्थबिर्थ मला कुठे ठाऊक. पण अर्थ होता बघा."

सांगायची वेळ तीच होती. एका वाक्याचं काम. पण त्या रात्री बायको पोटभर जेवली, ताटात काही न टाकता. जेवताना तिने त्याला छापखान्यातलं काय काय विचारलं. आणि भिंगाने ते वाक्य गिळलं, उद्या सांगू म्हणून. असले उद्या कधी उजाडत नाहीत.

त्यानंतर वर्षभर त्या घरात जणू पाहुणा उतरला होता. पोर जिन्यात खेळायला लागली की बायको दार किलकिलं ठेवी. हाक आली की तिची सुई जागच्या जागी थांबे, आणि हाक पुरती विरल्यावरच पुढचा टाका पडे. पोरीला ती उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या करून देई. पोरीच्या आईला आधी कौतुक वाटलं, मग थोडी भीती वाटायला लागली. पोर घरी लवकर बोलावली जाऊ लागली. बायकोला त्याचं काही नव्हतं. "आई आहे ती, वाटणारच," ती म्हणे. "मला काय, ती आहे एवढं पुरे. या वर्षी बालवाडीत जाईल. तिचा एप्रन माझ्याच हातून होणार." त्यासाठी तिने निळ्या रंगाची एक लडी वेगळी काढून ठेवली होती. त्या लडीला ती दुसऱ्या कामासाठी हात लावत नसे.

एप्रन आणि यादी आणायला भिंग नेहमीप्रमाणे गणवेशवालीच्या दुकानात गेला. गणवेशवाली म्हणजे सगळ्या शाळांचे गणवेश शिवून देणारी बाई, जिभेने सैल पण व्यवहाराला चोख. तिने यादी पुढे केली. एकसष्ट मुलं. भिंगाची नजर सवयीने वरून खाली गेली, आणि चौथ्या ओळीवर अडकली. मग अकराव्या. मग एकोणीस, वीस, चौतीस, बेचाळीस. आणि साठाव्या ओळीवर खालच्या मजल्यावरची पोर. एकूण सात.

त्याने पुन्हा मोजून पाहिलं. मालिका लागली त्या वर्षीची पोरं बालवाडीच्या वयाची झाली होती, एवढा साधा हिशोब त्याच्या डोक्यात आला नव्हता. ही यादी बायकोच्या हातात पडली की काय होणार, हे त्याला लख्ख दिसलं. एक पोर परत आली असं मानता येतं. सात कशा येतील?

मग त्याने ते केलं. गणवेशवालीला म्हणाला, "हिचे डोळे दुखतात हल्ली. हे सात एप्रन दुसऱ्या कुणाकडे द्या. यादी मी उतरवून नेतो." आणि काउंटरवर उभ्याउभ्याच त्याने चोपन्न नावं आपल्या सुबक अक्षरात उतरवली. सात ओळी गाळल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाळलेल्या ओळी शोधणाऱ्या माणसाला गाळताना एवढंही सुचू नये, की आपली बायको एकसष्टांतलं एकच नाव बघायला वर्षभर थांबली आहे.

तिने यादी दारातच हातात घेतली. वरून खाली वाचली. पुन्हा वाचली.

"खालच्या पोरीचं नाव राहिलंय."

"घेतली नसेल त्यांनी. जागा कमी असतात."

"काल तिच्या आईने तिच्यासाठी शाळेचे बूट आणलेत. मला दाखवले." तिने कागद उलटा करून पाहिला. "आणि यादी तुमच्या अक्षरात का?"

"मूळ कागद फार कळकट होता."

चोपन्न एप्रन तिने आठवडाभरात भरले. भिंगाला वाटलं, निभावलं. पण निळ्या लडीला हात लागला नव्हता, हे त्याने पाहायला हवं होतं. तो पाहण्याच्याच धंद्यातला होता.

शनिवारी तो छापखान्यातून लवकर सुटला. दार नुसतं लोटलेलं होतं. बायको बाहेरच्या चपला पायात तशाच ठेवून टेबलापाशी बसली होती. टेबलावर सात कोरे एप्रन, त्यांच्यावर गणवेशवालीची मूळ यादी, आणि शेजारी मळकट मुखपृष्ठाची ती पुस्तिका. गणवेशवाली नातीच्या नावासाठी ती दुकानात ठेवून होती. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं.

"बसा," बायको म्हणाली.

तो बसला.

"गणवेशवाली म्हणाली, तुमच्या मिस्टरांना विचारा, त्यांच्याच छापखान्याचं पुस्तक आहे. म्हणाली, आजकाल दर दुसऱ्या पोरीचं हेच नाव. तिच्या शेजारणीची एक आहे, भाचीची एक आहे." ती सावकाश बोलत होती, एखाद्या लहान मुलाला रस्ता समजावून सांगावा तशी. "तुम्ही घातलंत?"

"हो."

"कधी?"

"ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी."

"म्हणजे तेरा वर्षं."

"कागदावर कुठे तिचं नाव नव्हतं," भिंग म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच चोरट्यासारखा वाटला. "स्त्री अर्भक, एवढंच. मला वाटलं, कुठेतरी असावं. मी कधी बोललो नाही, शब्द पाळला. नुसतं लिहिलं. कुणी उचलेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं."

तिने पुस्तिका उघडली. पान तिने आधीच दुमडून ठेवलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि हा अर्थ?"

त्याने खाली पाहिलं.

"हा पण तुमचाच," ती म्हणाली.

"हो."

"मी वर्षभर रोज रात्री झोपताना तो म्हणत होते. सोबत न सोडणारी. मला वाटायचं, मला न कळता मी बरोबर नाव ठेवलं होतं." तिने पुस्तिका मिटली. "तुम्ही समोर बसून ऐकत होतात."

भिंगाने माफ कर म्हटलं. तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती रडेल, भांडेल, पुस्तिका फाडेल, याची तो वाट पाहत राहिला, कारण त्याच्यानंतर काहीतरी सुरू झालं असतं. तसं काही झालं नाही.

"माझ्याकडे तिला द्यायला तेवढंच होतं," ती म्हणाली. "एक वस्तू, जी कुणाची नव्हती. तीही तुम्ही वाटून टाकलीत."

मग तिने चपला काढल्या, हात धुतले आणि सुई ओवली. निळी लडी तिने डब्यात परत ठेवली आणि बाकी चोपन्नांना वापरलेला तांबडा दोरा घेतला. पहिला एप्रन मांडीवर ओढला. भिंग समोर बसून राहिला. उठावं की बसावं, हे सांगायला कुणी नव्हतं. तिचा हात नेहमीच्याच वेगाने चालला होता. तिसरा एप्रन चालू असताना जिन्यात हाक आली, पोरीला जेवायला बोलावत होते. भिंगाची मान नकळत वर झाली. बायकोची सुई थांबली नाही.

रविवारी दुपारपर्यंत सातही झाले. तिने ते चोपन्नांच्या ढिगात मूळ यादीच्या क्रमाने लावले आणि ढीग टेबलावर आणला. मूळ यादी त्याच्यासमोर सरकवली.

"वाचा."

"आज राहू दे," भिंग म्हणाला. "यात चूक असणार नाही."

"नेहमी वाचतो तसं वाचा."

त्याने चष्मा पुसला. पहिलं नाव वाचलं. तिने पहिल्या एप्रनवरून बोट फिरवलं आणि "हं" म्हणाली. दुसरं वाचलं. हं. तिसरं. हं. चौथ्या ओळीवर तो अडला. चौदा वर्षांत ते नाव त्याने उच्चारलं नव्हतं. मनातल्या मनात किती वेळा घेतलं असेल त्याला गणती नाही, पण ओठांना ते परकं होतं. ती एप्रनवर बोट ठेवून थांबली होती. घाई करत नव्हती आणि त्याच्याकडे पाहतही नव्हती.

त्याने वाचलं. आवाज फाटला, पण नाव पूर्ण आलं.

"हं," ती म्हणाली. आधीच्या तिघांना म्हणाली होती तसंच.

असं अकराव्याला झालं, एकोणिसाव्याला, लगेच विसाव्याला, चौतिसाव्याला, बेचाळिसाव्याला. दर वेळी त्याला वाटे, या वेळी तिचं बोट क्षणभर थांबेल. साठाव्या ओळीवर खालच्या मजल्यावरची पोर होती. भिंगाने ते नाव वाचलं, आणि या वेळी तो कागदावरून नजर काढून तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, काना, मात्रा, सगळं नीट तपासलं.

"हं," ती म्हणाली. "पुढचं."